रुबाब हवा, पवित्रा नको

बसू नका, उभेच राहा. मोबाइल बाकावर पालथे ठेवा. आज इतिहासाचं पुस्तक उघडायचं नाही.

परवाच्या वाढदिवसाचा फोटो साऱ्या पंचक्रोशीनं पाहिला, तसा मीही पाहिला. मध्ये केक, एकाच्या हातात तलवार, दोघांच्या हातात कोयते, बाकीचे छाती काढून उभे. खाली ओळ काय, तर ‘नाद करायचा नाय’. आपलं कॉलेज दोन जिल्ह्यांच्या शिवेवर आहे. या वर्गात कऱ्हाडकडची पोरं बसतात आणि वाळव्याकडचीही. एका फोटोत तुम्ही सातारा आणि सांगली, दोन्हीकडच्या आईबापांना मान खाली घालायला लावलीत. ते आईबाप आज मागे उभे आहेत. त्यांनीही ऐकावं म्हणून मीच त्यांना बोलावलं आहे.

मी जाब विचारला तेव्हा तुम्ही म्हणालात, “सर, नुसता फोटो होता. असली हत्यारं तर आम्ही गेममध्ये रोज चालवतो.” आणि तुमचे वडील म्हणाले, “सर, त्या गेमनंच पोरगं वाया गेलं.” दोन्ही उत्तरं मला मान्य नाहीत. गेमच्या आड तुम्हीही लपायचं नाही आणि त्यांनीही नाही. तुमच्यातल्याच एकाला शेजारी बसवून मी ते गेम नीट समजून घेतले आहेत. न बघता बोलणं मला जमत नाही.

या गेमची भूल का पडते ते मला कळलं. ठोशा-लाथांच्या गेमपेक्षा हत्यारांचा गेम वेगळा, कारण इथं अंतर मोजावं लागतं. भाला लांबून गाठतो, पण चुकला की सावरायला वेळ लागतो. खंजीर तोकडा, पण तो आत शिरला की भाल्याची लांबी भालेवाल्यालाच नडते. जड तलवार उशिरा येते आणि खोल जाते. नामको या जपानी कंपनीचा ‘सोलकॅलिबर’ १९९८ साली आला आणि त्याचा सहावा भाग २०१८ साली. त्यात उभा वार बाजूला सरकून चुकवता येतो, पण आडवा वार सरकणाऱ्यालाच गाठतो. म्हणजे समोरचा काय करणार हे आधी ओळखायला हवं. आलेला वार नेमक्या क्षणी परतवला तर समोरचा क्षणभर उघडा पडतो. क्षण चुकला तर तुम्ही उघडे. आणि रिंगणाबाहेर पाय गेला की अंगात ताकद कितीही शिल्लक असो, डाव गेला. ‘सामुराय शोडाउन’ त्याच्याही आधीचा, १९९३ सालचा. त्यात दोनचार मोठे वार बसले की खेळ आटोपतो. म्हणून जाणते खेळाडू बराच वेळ नुसते मागेपुढे सरकत राहतात, हात उचलतच नाहीत. हातातलं हत्यार उडून पडलं तर ते परत मिळेपर्यंत रिकाम्या हातानं तग धरावा लागतो.

इथं एका चुकीची किंमत मोठी आहे, म्हणून प्रत्येक हालचालीला वजन येतं. सतरा वर्षांच्या मुलाला दिवसभरात आणखी कुठं असं वाटतं, की माझ्या एका निर्णयावर सगळं अवलंबून आहे? वर्गात आम्ही तुम्हाला तसं वाटू देत नाही. घरी तुम्हाला दळण आणायला पाठवतात आणि निर्णय मोठे घेतात. शेतात पाणी कधी सोडायचं तेसुद्धा विजेचं वेळापत्रक ठरवतं. त्या पडद्यावर मात्र तुम्ही ठरवता, आणि चुकलात तर तुम्हीच मरता. ही ओढ खोटी नाही. मी तिला वाईट म्हणणार नाही, आणि मागे उभ्या असलेल्यांनीही म्हणू नये.

पण मग तुम्ही त्या खेळाचं काय केलंत? माझ्या शेजारी बसलेला मुलगा एकच बटण बडवत होता. हरला की शिवी, पुन्हा तेच बटण, पुन्हा शिवी. आपण का हरलो हे त्यानं एकदाही पाहिलं नाही. ‘शॅडो फाइट’ या दुसऱ्या गेममध्ये अडला तेव्हा त्यानं वडिलांच्या खात्यातून पैसे भरले आणि भारी हत्यार विकत घेतलं. हात तोच, घाई तीच, फक्त हत्यार नवं. ज्या खेळात शिकण्यासारखं एवढं भरलेलं आहे, त्यातून तुम्ही एवढंच उचललं, की हत्यार मोठं असलं म्हणजे आपण मोठे. परवाच्या फोटोत तुम्ही तेच करत होता.

पैलवान खाशाबा जाधवांचं गोळेश्वर इथून सायकलीच्या अंतरावर आहे. खाशाबा १९४८ साली लंडन ऑलिंपिकला गेले आणि सहावे आले. मातीत वाढलेला पैलवान गादीवर उतरला होता. हरल्याबद्दल त्यांनी गादीला शिव्या दिल्या नाहीत. गादीवरची कुस्ती शिकून घेतली आणि १९५२ साली हेलसिंकीहून ब्राँझपदक आणलं. स्वतंत्र भारताचं ते पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. हरल्यानंतरची चार वर्षं त्या माणसानं कशी वापरली, याचा विचार करा. आणि मग तुम्ही हरल्यानंतरची चार मिनिटं कशी वापरता ते आठवा.

आणखी एक. गेमच्या सुरुवातीला गोष्ट येते, ती तुम्ही पुढे ढकलता. वाचत नाही, बघत नाही. ‘शॅडो फाइट’मधला तो काळा योद्धा सावली का झाला, हे मी या वर्गात विचारलं तेव्हा एकालाही सांगता आलं नाही. रोज त्याच्या अंगात शिरून लढता, आणि त्याचं काय झालं हे माहीत नाही! मी सांगतो. त्याला हरवणारं कुणी उरलं नव्हतं. आपल्या तोडीचा प्रतिस्पर्धी मिळावा म्हणून त्यानं आपल्याच पंथाचा नियम मोडला आणि जे दार उघडायचं नव्हतं ते उघडलं. त्याचं शरीर गेलं, सावली उरली. ‘सोलकॅलिबर’मधला सीगफ्रीड तर तुमच्या वयाचा पोर. टोळी करून लुटायला निघाला आणि अंधारात त्यानं ज्याचं डोकं उडवलं तो त्याचाच बाप निघाला. त्या दुःखानं त्याचं डोकं फिरलं, तो एका शापित तलवारीमागे लागला, आणि त्या तलवारीनं त्यालाच गिळलं. या गेमच्या मुळाशी धरणाऱ्याला खाणारी तलवार आहे. तुम्ही पाच पाच तास खेळता ती गोष्ट हीच आहे. त्याच गेममध्ये किलिकच्या काठीचं नाव ‘कलियुग’ आहे, शियांगहुआच्या तलवारीचं ‘कृतयुग’, आणि व्होल्डोच्या दोन कट्यारी ‘मानस’ आणि ‘आयुस’. आपल्याकडचे शब्द जपानी गेममध्ये कसे गेले, असा प्रश्न एकालाही पडला नाही. ज्याला प्रश्न पडत नाही त्याच्या हाती मी साधी लाठीसुद्धा देणार नाही.

आता दांडपट्टा. २०२४ साली महाराष्ट्र सरकारनं त्याला राज्यशस्त्र म्हणून घोषित केलं, तेव्हा तुमच्या स्टेटसवर भगव्या अक्षरांचा पूर आला होता. त्यातल्या किती जणांनी पट्टा हातात घेतला आहे? एकानंही नाही. मग तो काय आहे ते ऐका. पातं सरळ, लांब, दोन्हीकडून धारेचं आणि लवचीक. मूठ तलवारीसारखी उघडी नाही. हात पोलादी खोबळ्यात जातो आणि तो खोबळा कोपराजवळपर्यंत येतो. त्यानं हाताचं रक्षण होतं, पण मनगट बांधलं जातं. तलवार फिरवताना मनगट जे काम करतं ते इथं करता येत नाही. मग वार येतो कुठून? खांद्यातून, कमरेतून, आणि खरं म्हणजे पायातून. पाय चुकीचा पडला तर ते लवचीक पातं समोरच्याच्या आधी चालवणाऱ्याच्या पोटरीला लागतं. म्हणून मर्दानी खेळाचे वस्ताद नव्या पोराला पट्टा देत नाहीत. आधी पवित्रे, म्हणजे पाऊल कुठं टाकायचं, वजन कुठल्या पायावर घ्यायचं, वळायचं कसं. मग लाठी. मग फरी-गदका. फरी ही चामड्याची ढाल आणि गदका ही चामड्यानं मढवलेली छडी, म्हणजे चुकलं तरी जीव जात नाही. पट्टा त्याच्याही पुढे. शिवजयंतीच्या मिरवणुकीत जमिनीवर ठेवलेलं लिंबू, कुणाच्या तळहातावरचा नारळ पट्ट्यानं चिरताना तुम्ही पाहता आणि शिट्ट्या मारता. त्या तळहातावर ओरखडा उठत नाही, ही त्या खेळाची खरी परीक्षा. लिंबू कापायला धार पुरते. हात वाचवायला वर्षानुवर्षांची मेहनत लागते. तुमच्या गावात नऊवारी नेसून पट्टा फिरवणाऱ्या मुली आहेत. तुम्ही त्यांचे व्हिडिओ काढता. त्यांच्या शेजारी उभं राहून पवित्रा धरायला सांगितलं तर तुमची मांडी थरथरेल.

प्रतापगड याच सातारा जिल्ह्यात आहे. १० नोव्हेंबर १६५९. अफजलखानाच्या भेटीत सय्यद बंडा शिवाजी महाराजांवर धावून आला आणि जिवा महालानं पट्ट्याच्या घावानं त्याचा हात तोडला. ‘होता जिवा म्हणून वाचला शिवा’ ही म्हण तुम्हाला पाठ आहे. ती म्हणताना कधी मनात आलं का, की त्या एका क्षणासाठी तो माणूस किती वर्षं गुमान पाय घासत असेल? त्याला त्या दिवशी दुसरी संधी नव्हती.

वाघनखांचंही तेच. जुलै २०२४ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममधून ती साताऱ्याच्या छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालयात आली. साताऱ्याचा रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ याच्याकडे ती होती आणि त्याच्या वंशजानं त्या म्युझियमला दिली. अफजलखानाच्या वेळी वापरलेली ती हीच, याची खात्री देता येत नाही, असं ते म्युझियम स्वतःच सांगतं. इतिहासाच्या विद्यार्थ्यानं हे माहीत करून घ्यायला हवं होतं. आपण सहल नेली. तुम्ही काचेला पाठ लावून सेल्फी काढल्या आणि बाहेर येऊन वडापाव खाल्ला. त्या काचेआड काय होतं? मिटलेल्या मुठीत मावणारं, बोटांआड दडणारं हत्यार. समोरच्याला दिसूच नये म्हणून ते घडवलेलं असतं. महाराजांनी अंगरख्याखाली चिलखत घातलं होतं. सैन्य जावळीच्या रानात दबा धरून होतं. भेटीची जागा, वेळ, सोबत किती माणसं, सगळं आधी ठरलेलं. त्या दिवशी दिसत होतं ते फार थोडं, आणि तयारी होती ती सगळी न दिसणारी. ‘शॅडो फाइट’मधल्या लिंक्सकडेही अशीच नखं आहेत. तुम्ही त्याला हरवल्याचं मला अभिमानानं सांगता. साताऱ्याच्या वाघनखांसमोर मात्र तुम्हाला फक्त स्वतःचा चेहरा दिसला.

ज्यांना हत्यार खरंच वापरावं लागलं त्यांनी ते मिरवलं नाही. शेणोलीचं स्टेशन तुम्हाला माहीत आहे. ७ जून १९४३ रोजी तिथं पगाराची गाडी अडवली, ती कुंडलच्या जी. डी. बापू लाड आणि कॅप्टन भाऊ लाड यांच्या तुफान सेनेनं. तेव्हा आपले दोन्ही जिल्हे मिळून एकच सातारा होता, आणि क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार गावोगाव चालत होतं. ती पोरं तुमच्याहून फार मोठी नव्हती. रानात, उसात, डोंगरात लपून राहायची. शस्त्रांबरोबर कडक शिस्त होती. त्याच प्रतिसरकारनं गावात न्यायनिवाडे केले, दारूविरुद्ध मोहीम चालवली, कमी खर्चात लग्नं लावली. गाडीतून घेतलेले पैसे चळवळीसाठी होते. वाढदिवसाच्या केकवर उधळायला त्यांनी गाडी अडवली नव्हती.

हा सगळा जुना काळ झाला म्हणाल. मग आजचा घ्या. अदिती स्वामी ही साताऱ्याची मुलगी. वडील शिक्षक, गणित शिकवणारे. उसाच्या शेतात तयार केलेल्या सरावाच्या जागेत ती धनुष्य शिकली. ऑगस्ट २०२३ मध्ये बर्लिनला कंपाउंड प्रकारात जगज्जेती झाली तेव्हा ती १७ वर्षांची होती. तुमच्याच वयाची. अंतिम सामन्यात १५० पैकी १४९ गुण. पन्नास मीटरवर दहा गुणांचं वर्तुळ अवघं ८ सेंटिमीटर व्यासाचं असतं. पंधरा बाणांपैकी चौदा त्या वर्तुळात आणि एकच बाहेर, तोही नऊवर. पुढे तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. फलटण तालुक्यातल्या सरडे गावचा प्रवीण जाधव मजुरी करणाऱ्या आईबापाचा मुलगा. तो टोकियो ऑलिंपिकला भारताकडून धनुष्य घेऊन उभा राहिला.

तिरंदाजीच्या मैदानावर एकदा जाऊन बघा. दोन शिट्ट्या झाल्याशिवाय रेषेवर यायचं नाही. एक शिट्टी झाल्याशिवाय बाण सोडायचा नाही. तीन शिट्ट्या झाल्याशिवाय बाण काढायला पुढे जायचं नाही. जगज्जेती असली तरी तिलाही त्या शिट्टीची वाट बघावी लागते. खरं हत्यार ज्याच्या हातात असतं तो परवानगीची वाट बघतो, याची त्याला लाज वाटत नाही. तुम्हाला मात्र कुणी ‘थांब’ म्हटलं की अपमान वाटतो.

आता तुमच्या तलवारीकडे येतो. ऑनलाइन मागवली, असं कळलं. शस्त्र अधिनियम १९५९ सालचा आहे. नऊ इंचांहून लांब किंवा दोन इंचांहून रुंद पात्याचं, घरकामाचं वा शेतीचं नसलेलं धारदार हत्यार त्यात येतं. कलम ४ आणि २५ खाली गुन्हा सिद्ध झाला तर किमान एक वर्ष आणि कमाल तीन वर्षं कैद, शिवाय दंड. तलवारीनं केक कापल्याबद्दल पोरांना उचलल्याच्या बातम्या तुम्ही वाचता आणि हसून पुढे पाठवता. या वर्गातल्या काहींना अठरा पूर्ण झाली आहेत. त्यांना सरळ कोर्ट. बाकीच्यांना वडिलांसह बाल न्याय मंडळासमोर उभं राहावं लागेल. तुमच्यातले निम्मे पहाटे रस्त्यावर १६०० मीटरचा सराव करतात, कुणाला पोलिसात जायचं आहे, कुणाला फौजेत. चारित्र्य पडताळणीत दाखल गुन्हा सांगावा लागतो, आणि लपवला तर लपवल्याबद्दलच नाव कटतं. दोन वर्षं धावून घाम गाळायचा आणि एका फोटोसाठी तो मातीत घालवायचा! याला मी धाडस म्हणणार नाही. हा निव्वळ मूर्खपणा आहे.

आणि कोयता. “तो तर शेतीचं अवजार आहे, सर,” असं तुमच्यातला एक जण म्हणाला. शेतात असतो तेव्हा अवजार. तो उगारून फोटो काढलास तेव्हा तू त्याचं हत्यार केलंस. दिवाळीनंतर आपल्या शिवारात बीडहून ऊसतोड कामगार येतात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता मोजतात, मुकादमाकडून उचल घेतलेली असते, आणि ती फेडेपर्यंत थंडीत, चिखलात, तान्हं पोर बांधावर ठेवून ती बाई मोळ्या बांधते. त्यांच्या पालांपासून हाकेच्या अंतरावर तुम्ही कोयता नाचवलात. त्यांच्या मुलांनी तो फोटो पाहिला असेल तर त्यांना काय वाटलं असेल, हे मला सांगा. आता खाली बघू नका. सांगा.

पालकांशीही मला बोलायचं आहे. काका, तुम्ही म्हणालात गेमनं मुलगा बिघडला. तुमच्या मुलाच्या हातात फोन तुम्ही दिलात, कारण त्याच्याशी बोलायला तुम्हाला वेळ नव्हता. त्यानं हत्यार घेण्यासाठी तुमच्या खात्यातून पैसे भरले, हे तुम्हाला मी सांगेपर्यंत माहीत नव्हतं. गावातल्या पुढाऱ्याच्या वाढदिवसाला तलवारीनं केक कापला गेला तेव्हा टाळ्या वाजवणाऱ्यांत मोठी माणसं होती. पोरांनी ते पाहिलं. ते त्यांनी गेममधून घेतलं नाही, आपल्याच चौकातून घेतलं. १९९७ साली प्लेस्टेशनवर ‘बुशिडो ब्लेड’ नावाचा गेम आला होता. त्यात एकच घाव प्राण घेतो. पायाला लागलं तर उरलेला सामना रांगत लढावा लागतो. आणि त्याच्या गोष्टीत समोरच्याच्या पाठीत वार केला, तो वाकून नमस्कार करत असताना तलवार चालवली, तर गेम तिथंच थांबतो. जिंकलात तरी पुढे जाता येत नाही. तलवारीनं केक कापणाऱ्याला थांबवणारा असा एक नियम तरी आपल्या चौकात उरला आहे का? गेमवर बोट दाखवण्याआधी या प्रश्नाचं उत्तर द्या.

पोरांनो, तुम्हाला शूर व्हायचं आहे, हे मला दिसतं. त्यात वाईट काही नाही. म्हणून शेवटी एकाच माणसाचं नाव घेतो. तुकाराम ओंबळे. गाव केडंबे, तालुका जावळी, जिल्हा सातारा. आधी फौजेत, मग मुंबई पोलिसात. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री गिरगाव चौपाटीवर अडवलेल्या गाडीतून दहशतवादी कसाब एके-४७ घेऊन उतरला, तेव्हा ओंबळ्यांच्या हातात लाठी होती. त्यांनी त्या बंदुकीची नळी दोन्ही हातांनी धरली आणि गोळ्या अंगावर घेतल्या. हात सुटले नाहीत. सहकाऱ्यांना तेवढाच वेळ हवा होता. कसाब जिवंत पकडला गेला. सरकारनं ओंबळ्यांना मरणोत्तर अशोकचक्र दिलं. केडंबे इथून एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. पुढच्या सहलीला आपण तिथं जाणार आहोत, आणि तिथं कुणीही सेल्फी काढणार नाही.

आता काय करायचं ते सांगतो. फोटो आत्ता, माझ्यासमोर, सगळीकडून काढून टाका. ज्यांनी पुढे पाठवला त्यांना स्वतः फोन करा. तलवार आज संध्याकाळपर्यंत वडिलांना सोबत घेऊन पोलिस ठाण्यात जमा करा. मी दारात उभा असेन, पण तुमच्या वतीनं बोलणार नाही, बोलायचं तुम्हीच. कोयते ज्यांच्या घरचे आहेत त्यांच्या घरी जाऊन द्या आणि माफी मागा.

गेम बंद करा, असं मी म्हणत नाही. रविवारी एक तास खेळा. हरलात की थांबा आणि कुठं चुकलं ते वहीत लिहा. वही सोमवारी मी बघणार.

आणि ज्याला खरंच शिकायचं आहे त्यानं सोमवारी पहाटे साडेपाचला मैदानावर यावं. मुलींनीही यावं. मर्दानी खेळ शिकवणारे वस्ताद यायला तयार झाले आहेत. पहिले तीन महिने फक्त पवित्रे होतील, हातात लाठीसुद्धा मिळणार नाही. ज्याला हे मान्य नाही त्यानं येऊ नये.